साडेसहाच्या पाळीची शाळा

मुंबईत लालबागमधल्या एका महापालिका शाळेत संध्याकाळी साडेसहाला दुसरीच शाळा भरते. दिवसा तिथे चौथीची मुलं बसतात, त्यामुळे बाकं त्यांच्याच मापाची. तिशीतला माणूस त्यात बसला की गुडघे फळीला टेकतात, मग तो एक पाय बाहेर काढून तिरका बसतो. मी गेलो त्या दिवशी दहावीची भूमिती चालली होती. दुसऱ्या रांगेतल्या एकाच्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल होती आणि केसांत भुसा. लोअर परळला कुठल्याशा ऑफिसचं फर्निचर चाललंय, तिथून तो थेट आला होता. मागच्या बाकावर चार घरची धुणीभांडी आटोपून आलेल्या दोघी जणी. एकीने डबा उघडून शेजारणीपुढे सरकवला. सरांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

शिक्षण कशासाठी, या प्रश्नावर युनेस्कोने १९७२, १९९६ आणि २०२१ असे तीनदा जाडजूड अहवाल काढले. १९९६ च्या अहवालाने शिक्षणाचे चार खांब सांगितले: जाणायला शिकणं, करायला शिकणं, सोबत राहायला शिकणं आणि माणूस म्हणून घडणं. वाचायला छान वाटतं. पण अशा चर्चेत बहुतेकदा डोळ्यांसमोर असतो तो दहा-बारा वर्षांचा मुलगा. आधी शाळा, मग नोकरी, असा त्याचा क्रम. लालबाग-परळच्या या गिरणगावात हा क्रम शंभर वर्षांपूर्वीच उलटा झाला होता. इथे विद्यार्थी आधी कामाला लागायचा आणि मग शाळेत यायचा. पोटापाण्याची सोय झालेल्या माणसाला शाळा कशाला हवी?

याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या सोयीने दिलं. १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं (आजचं माटुंग्याचं व्हीजेटीआय), ते गिरण्यांना देशी तंत्रज्ञ मिळावेत म्हणून. लँकेशायरहून साहेब आणणं महाग पडत होतं. गिरगावच्या प्रार्थना समाजाने त्याआधीच, १८७६ मध्ये, कामगारांसाठी रात्रशाळा काढली होती. तिथे ओढ सुधारणेची होती. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली. इतर शाळांच्या दारात ज्यांना अडवलं जात होतं, त्यांच्यासाठी शाळेत नुसतं बसायला मिळणं हेच मोठं होतं.

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते नारायण मल्हार जोशी. हे मुळात शाळामास्तर. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगच्या रात्रशाळा होत्या, फिरती वाचनालयं होती, दवाखाने होते, सहकारी पतपेढ्या होत्या. परळचं दामोदर नाट्यगृहही लीगचंच. याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी सभा बोलावली, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिच्या पहिल्या उद्दिष्टातच विद्यार्थी वसतिगृहं होती. डॉक्टरसाहेब तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत.

जोश्यांच्या कामाचा नकाशा पाहिला की एक गोष्ट कळते. रात्रशाळा आणि पतपेढी एकाच संस्थेने चालवायची, यात मोठं शहाणपण होतं. कामगाराला शिकायचं होतं ते यासाठी: पठाण सावकाराचं व्याज किती होतं ते स्वतः मांडता येणं, मस्टरवर अंगठ्याऐवजी सही करणं, मुकादमाने खाडे किती लावले ते बघणं, गावचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ न येणं. दीड खणाच्या खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, तिथे खासगी असं काहीच नसायचं. बायकोचं पत्र तरी आपल्यापुरतं राहावं, एवढ्यासाठीसुद्धा माणूस बाराखडी शिकतो.

मुलांचंही पाहा. १९२२ मध्ये कारखान्यात लावायच्या मुलाचं किमान वय नऊवरून बारा झालं. १९२५ मध्ये महापालिकेने सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, तेही आधी एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे याच गिरणगावच्या पट्ट्यात. याला योगायोग म्हणायला माझी जीभ वळत नाही. गिरणीच्या फाटकातून बाहेर काढलेलं पोर कुठेतरी बसवायला हवंच होतं.

याच गिरणगावात नारायण सुर्वे वाढले. रस्त्यावर सापडलेलं हे मूल गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी घरी नेलं आणि चौथीपर्यंत शिकवलं. पुढे घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिपाई असतानाच ते सातवीची परीक्षा पास झाले आणि १९६१ मध्ये शिक्षक झाले. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह १९६६ चा. या नावाचा दाखला देऊन ‘खरं शिक्षण रस्त्यावरच’ असं भाषणात सांगायची फॅशन आहे. सांगणारे बहुतेक पदवीधर असतात. सुर्व्यांना रस्त्याने कवी केलं असेल, पण घंटा वाजवणारा माणूस फळ्यासमोर उभा राहिला तो सातवीच्या दाखल्यामुळे.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले आणि पुढे गिरण्याच गेल्या. भोंगा थांबला. रात्रशाळा मात्र राहिल्या. बाकावर आता कुरिअरवाला, सिक्युरिटीवाला, कँटीनचा पोरगा, मोलकरीण. मे २०१७ मध्ये सरकारने दिवसाच्या शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळेतून काढलं, तेव्हा कित्येक वर्गांना शिक्षकच उरले नाहीत. ‘मासूम’ संस्था २००८ पासून या शाळांत खाऊ आणि फिरती प्रयोगशाळा नेते. विद्यार्थी उपाशीपोटी येतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं.

गोम अशी, की वेळ अडीच-तीन तास, पण पुस्तकं, बोर्ड आणि पेपर दिवसाच्याच शाळेचे. पावलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या आंझिकोसला तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवलं. त्यांच्या पद्धतीत शब्द शिकणाऱ्यांच्या जगण्यातून यायचे. वीट हा त्यातलाच एक. डेन्मार्कमध्ये १८४४ पासून लोकशाळा चालतात, परीक्षेशिवाय. आपल्याकडेही तसंच करा, असं सुचवणारे भेटतात. मी मागच्या बाकावरच्या त्या दोघींना विचारलं, परीक्षा नसलेली शाळा चालेल का? एक हसली. ‘मग बाहेरून परीक्षेचा १७ नंबरचा फॉर्म भरून घरी बसले असते की. दहावीचा कागद हवाय, साहेब.’ ट्रक चालवायला आठवी पास लागते, ही अट या देशात २०१९ पर्यंत होती. असल्या देशात कागदाला कमी लेखायची चैन तिला परवडणारी नाही.

तरीही त्या भूमितीच्या तासाला काहीतरी खुपत राहिलं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी, हे सिद्ध करायचं होतं. सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि पट्टीशिवाय, हाताने, अशी आकृती काढली की छापल्यासारखी. दिवसभर तो पंचेचाळीसचा कट मारतो. चौकटीचे दोन तुकडे कोपऱ्यात जुळवताना तसूभर फट राहू देत नाही. मग ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे शब्द लिहून तो थांबला. खाली रेषांमागून रेषा कोऱ्या.

‘सर,’ त्याने विचारलं, ‘नुसत्या आकृतीचे किती?’

‘एक.’

त्याने मान डोलावली, पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि शेजाऱ्याच्या वहीतली सिद्धता उतरवायला घेतली.