सेव्ह केलंस? पण कुठे?

परभणीच्या घरात बसून पुण्याची बिल्डिंग डिझाइन करायची, तर सगळ्यात आधी सांभाळावी लागते ती एक फाइल!

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाहेर जाऊन जमलं तर उत्तम, नाहीतर आपलं गाव आहेच, असा तिचा सरळ अर्थ. पण २०२० च्या लॉकडाउननंतर या म्हणीची गंमतच झाली. पुण्यात 'बनलेली' मंडळी लॅपटॉप घेऊन गावी आली आणि त्यातली काही इथेच राहिली. पगार पुण्याचा, जेवण आईच्या हातचं आणि घरभाडं शून्य! मस्त ना?

माझी एक मैत्रीण त्यातलीच. ती आर्किटेक्ट आहे, पुण्यातल्या एका फर्मसाठी काम करते आणि राहते वसमत रोडला, आई-बाबांजवळ. बाबांचं ऑपरेशन झालेलं, घरी दुसरं कुणी नाही, त्यामुळे तिचं परभणीत असणं ही हौस नाही, गरज आहे. एका गुरुवारी तिचा फोन आला. "अगं, मंगळवारी मी अख्खा जिना आणि लिफ्टची लॉबी बदलली. आज फाइल उघडली तर जुनाच जिना! आणि सर म्हणतायत, परभणीच्या नेटवर हे असंच होणार, तू पुण्यालाच ये."

म्हणजे प्रश्न जिन्याचा नव्हताच. तिची नोकरी आणि तिचं घर, दोन्ही एका हरवलेल्या फाइलवर येऊन अडकलं होतं. मी पत्रकार, आर्किटेक्ट नव्हे. पण प्रकरण समजून घ्यायचंच ठरवलं, आणि जे कळलं ते एकत्र एका फाइलवर काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं आहे.

एक फाइल, चार जण

तुमच्या ऑफिसात एक्सेलची फाइल उघडताना 'अमुक व्यक्तीने लॉक केली आहे' असा मेसेज कधी आलाय? ऑटोकॅडमध्येही तेच. एकाने ड्रॉइंग उघडलं की दुसऱ्याला ते फक्त बघायला मिळतं. एक जण काम करणार, बाकीचे चहा पिणार!

रेव्हिट हे सॉफ्टवेअर २००० साली बाजारात आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. त्यात सुट्या रेघा नसतात. भिंत, दार, खिडकी, कॉलम असं सगळं मिळून अख्ख्या इमारतीचं एकच मॉडेल असतं. मग चार जणांनी एकाच वेळी काम कसं करायचं? त्यासाठी एक 'सेंट्रल' फाइल असते आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तिची 'लोकल' कॉपी. तुम्ही लोकलमध्ये एखादी भिंत हलवली की ती भिंत तुमच्या नावावर उसनी लागते. 'सिंक्रोनाइझ विथ सेंट्रल' केलं की तुमचा बदल सेंट्रलमध्ये जातो, इतरांचे बदल तुमच्याकडे येतात आणि उसनवारी फिटते.

पूर्णा जंक्शनच्या जुन्या रेल्वेवाल्यांना हे चटकन कळेल. एकेरी लाइनवर पूर्वी ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे निघत नसे. टोकन एकच, म्हणून गाडीही एकच. रेव्हिटमध्ये असं टोकन प्रत्येक भिंतीला, प्रत्येक दाराला असतं. तुम्ही ते परत न करता लॅपटॉप मिटून लग्नाला निघून गेलात, की पुण्यातला सहकारी त्या भिंतीपुढे हात चोळत बसतो.

इथेच पहिली गोची आहे. सेव्ह आणि सिंक एक नव्हेत! नुसतं सेव्ह केलं की काम तुमच्या लॅपटॉपवर सुरक्षित, पण बाकीच्यांच्या दृष्टीने तुम्ही दिवसभर काहीच केलेलं नाही.

जिना गेला कुठे?

मैत्रिणीने तर सेव्हही केलं होतं आणि सिंकही. मग?

झालं होतं असं. फर्मने सेंट्रल फाइल एका फोल्डर सिंक करणाऱ्या सर्व्हिसवर ठेवली होती. फोटो आणि पीडीएफ ठेवतो ना आपण, तशीच. वरवर पाहता सोय झकास. पण ही सर्व्हिस काय करते? प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर अख्खी फाइल उतरवते आणि बदलली की अख्खी परत चढवते. भिंत कुणाची, दार कुणाचं, हे तिला कळत नाही. शिवाय सेंट्रल कोणत्या पत्त्यावर आहे हे रेव्हिट लक्षात ठेवतं. इथे प्रत्येकाच्या मशीनवर पत्ता वेगळा! 'सेंट्रल हलवलेली दिसते' असा इशारा आला, की प्रत्येक जण तीच फाइल नव्याने सेंट्रल म्हणून सेव्ह करायचा. थोडक्यात काय, चार जणांच्या चार सेंट्रल तयार झाल्या होत्या. जिची फाइल शेवटी चढली ती खरी, आणि बाकीच्या 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाने कोपऱ्यात पडून.

परभणीच्या नेटचा यात दोष नव्हता. चौघंही पुण्यात, आपापल्या घरून बसले असते तरी हेच झालं असतं. सेंट्रल फाइलची ही पद्धत ऑफिसच्या लोकल नेटवर्कसाठी बनवलेली आहे. गावं वेगळी असतील तर रेव्हिट सर्व्हर नाहीतर ऑटोडेस्कची क्लाउड वर्कशेअरिंग सोय लागते. तिथे मॉडेल खरोखर एकाच जागी राहतं आणि ये-जा होते ती फक्त बदलांची.

तिने मग तीन गोष्टी केल्या. 'शो हिस्टरी' उघडून कुणी, केव्हा सिंक केलं त्याची यादी काढली. तिच्याकडच्या फाइलमध्ये मंगळवारची तिची नोंद होती, पुण्याच्या फाइलमध्ये ती नव्हती. हा झाला पुरावा. मग स्वतःची लोकल फाइल 'डिटॅच फ्रॉम सेंट्रल' करून उघडली. जिना तिथे सहीसलामत! शेवटी पुण्याची फाइल खरी धरून त्यात आपला जिना आणि लॉबी कॉपी करून बरोब्बर त्याच जागी पेस्ट केली. सगळ्यांनी जुन्या लोकल बाजूला ठेवून नव्या घेतल्या. रात्रीचे अडीच वाजले, पण काम परत आलं. सकाळी तिने सरांना यादीसकट मेल केला. भांडण नाही, रडारड नाही, फक्त तारीख आणि वेळ.

आणि लाइट गेली तर?

मराठवाड्यात हा प्रश्न चुकत नाही. सिंक चालू असतानाच लाइट गेली, तर राउटर आधी मरतो आणि लॅपटॉप नंतर. इन्व्हर्टरवर पंखा लावण्याआधी राउटर लावा, हे तिचं ब्रह्मवाक्य! सिंकच्या खिडकीत 'आधी आणि नंतर लोकल सेव्ह करा' अशा अर्थाची एक टिक असते, ती कधीच काढू नका. आणि नेट अर्ध्यात तुटलं, तर घाबरून कॅशे फोल्डर साफ करायला जाऊ नका. क्लाउडवर न पोचलेलं तुमचं काम त्या वेळी फक्त तिथेच असतं.

'एवढा सोपस्कार चार जणांच्या फर्मला कशाला?' असं वाटेल. पण आपल्याच राज्यातलं मोठं उदाहरण बघा. २०१९ च्या मार्चमध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेल्या नागपूर मेट्रोने डिझाइन, वेळापत्रक आणि खर्च एकत्र बांधणारं 'फाइव्ह-डी बीआयएम' वापरलं. तिथली ड्रॉइंग्ज ठेवायला बेंटली कंपनीची प्रोजेक्टवाइज ही सिस्टीम होती. तिच्यात फाइल आपल्या नावावर 'चेक आउट' करायची आणि काम झालं की 'चेक इन'. मेट्रो असो की चार मजली अपार्टमेंट, नियम एकच. खरी फाइल एका वेळी एकाच ठिकाणी.

हे एवढं पाळाच!

• रोज सकाळी नवी लोकल कॉपी घ्या. गेल्या आठवड्याच्या लोकलवर काम सुरू करू नका.

• सेंट्रल फाइल कधीही पेन ड्राइव्हवर नेऊन, तिथे काम करून परत टाकू नका.

• एका लॉगिनवर दोघांनी बसू नका. रेव्हिट माणसं युजरनेमवरून ओळखतं. नाव एक असेल, तर तुम्ही दोघं त्याच्या लेखी एकच आणि एकाचं काम वाया जाणार.

• सगळ्यांचं व्हर्जन एकच हवं. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

• जेवायला उठताना सिंक करा. घरी जाताना सिंक करून, घेतलेलं सगळं सोडून द्या.

• 'दुसरं कुणी सेव्ह करतंय' असा मेसेज आला तर थांबा. दहा वेळा क्लिक करून ते लवकर होत नाही.

• क्लाउडवर असाल तर सिंकनंतर 'पब्लिश' करायला विसरू नका. नाहीतर वेबवर बघणाऱ्या क्लायंटला जुनंच मॉडेल दिसतं.

• सेंट्रलची जबाबदारी एका माणसावर द्या. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही.

फर्मने पुढे क्लाउडचं लायसन्स घेतलं. खर्च वाढला म्हणून सर थोडे कुरकुरले, पण 'पुण्यालाच ये' हा विषय पुन्हा निघालेला नाही. आता आठ-आठ दिवसांनी सेंट्रल तपासायचं काम मैत्रिणीकडेच आहे, म्हणजे चौघांची फाइल परभणीतून सांभाळली जाते! तुमच्या ऑफिसात तुमची जागा कुठे आहे यावरून कुणी तुमच्या कामाला नावं ठेवत असेल, तर वाद घालण्याआधी फाइलची हिस्टरी उघडा. कोण कुठे बसलं होतं हे ती सांगत नाही. काम कुणी केलं, तेवढंच सांगते.