घोड्यांच्या प्रदर्शनास जागा

तट्टांचें अखिल भारतीय प्रदर्शन भरवावयाचें म्हटलें कीं आम्हां धरमपेठकरांस कस्तुरचंद पार्क सुचणार. नागपूर देशाच्या मध्यावर ना! पण नकाशावरील मध्यानें जनावराची तहान भागत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेडें पाहा. तेथें दत्तजयंतीस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तापीचें पाणी जवळ, पाऊस सरलेला, हवा थंड; गुजरात व मध्यप्रदेशहि लांब नाहींत. चाल पारखण्यास मोकळी जमीन हवी. आणि मुख्य म्हणजे नवीं जनावरें निराळीं बांधण्यास ऐसपैस जागा हवी. कारण ग्लँडर्ससारखा घातक रोग सामाईक हौदाच्या पाण्यांतून पसरतो, व माणसांसहि होतो. समित्या मंडपावरून वाद घालोत. मी अगोदर हौद किती व कोठें, तें विचारीन.