जर्सी कॉलेजची, नाव खेळाडूचे, गिऱ्हाईक कोणाचे?

व्यापारात माल, दुकान आणि गिऱ्हाईक या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. माल येतो आणि विकला जातो, दुकानाची जागाही बदलते. गिऱ्हाईक टिकले तरच पेढी टिकते. कापडाच्या धंद्यातील मंडळींना हे वेगळे सांगावयास नको. परंतु हाच हिशेब अमेरिकेतील कॉलेजे बास्केटबॉलच्या खेळात मांडतात, आणि त्यासाठी संकेतस्थळ व समाजमाध्यमे कशी राबवतात, हे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आमच्या मते प्रत्येक दुकानदाराने ते पाहण्यासारखे आहे.

१८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधला. आज त्याची उलाढाल केवढी आहे? कॉलेजांच्या पुरुष संघांची जी स्पर्धा दर मार्चमध्ये भरते, तिच्या प्रक्षेपणाचा करार २०१० मध्ये चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला झाला. २०१६ मध्ये तो २०३२ पर्यंत वाढवला गेला, तेव्हा आणखी ८८० कोटी डॉलर ठरले. मात्र टीव्हीचा झोत मोठ्या, नामांकित कॉलेजांवरच अधिक पडतो. उरलेल्या शेकडो संघांना आपल्या मालाची हाक आपणच मारावी लागते.

तीन गिऱ्हाइके, एक दुकान

बहुतेक मोठ्या विद्यापीठांची दोन संकेतस्थळे असतात. शिक्षणाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याअखेर ‘डॉट ईडीयू’ असते, खेळाच्या पत्त्याअखेर ‘डॉट कॉम’. या एवढ्याशा फरकात सगळे आले. खेळाचे संकेतस्थळ म्हणजे सरळसरळ दुकान. सामन्यांचे वेळापत्रक, खेळाडूंची माहिती, तिकिटे, टोप्या-जर्सी आणि देणगीची पेटी, सर्व एकाच छताखाली.

या दुकानात तीन प्रकारची गिऱ्हाइके येतात. पहिला गावातला प्रेक्षक. त्याला तिकीट हवे. दुसरा माजी विद्यार्थी. तो दूरच्या शहरात नोकरी करतो, पण कॉलेजची टोपी घालून मिरवतो आणि मन भरले की देणगीही देतो. तिसरा म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा शाळकरी खेळाडू. तो आज गिऱ्हाईक आहे आणि उद्याचा कारागीर. त्याला आपल्या कॉलेजात आणण्यासाठी सर्वात अधिक खटाटोप होतो. तो पाहुणा म्हणून आला की त्याला संघाची जर्सी चढवून फोटो काढतात, आणि तो फोटो त्याच्या फोनवरून जगभर जातो.

यात अतिरेक होऊ नये म्हणून एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने २००७ मध्ये प्रशिक्षकांना अशा मुलांना मोबाइल संदेश पाठवण्यास मनाई केली. पुढे २०१२ मध्ये पुरुष बास्केटबॉलमध्ये ती उठवली. बाजार जिकडे वळला तिकडे नियमही वळला.

एका रात्रीची गर्दी

समाजमाध्यमांची ताकद पाहायची तर १६ मार्च २०१८ ची रात्र पाहावी. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर काउंटीचे विद्यापीठ, ज्याला यूएमबीसी म्हणतात, बुद्धिबळाच्या संघासाठी अधिक प्रसिद्ध होते. त्या रात्री त्याने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचा संघ पहिल्या मानांकितावर मात करतो, असे त्याआधी एकदाही घडले नव्हते.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे ट्विटर खाते एक कर्मचारी सांभाळत होता. सामना चालू असताना त्याने टवाळखोर पण साध्या भाषेत संदेश टाकले आणि आपल्या संघाला हिणवणाऱ्यांना हसत-हसत उत्तरे दिली. सहा हजारांच्याही आत असलेले अनुयायी बघता बघता लाखावर गेले. दोनच दिवसांनी संघ पुढच्या सामन्यात ४३-५० असा हरला. पण नाव झाले ते झाले. जाहिरातीला पैसा लागतो हे खरे, परंतु वेळेवर तोंड उघडायला अक्कल लागते. ती बाजारात विकत मिळत नाही.

नाव नसलेली जर्सी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सर्व ज्याच्या चेहऱ्यावर विकले जाते, त्याला काय मिळते?

वर्षानुवर्षे उत्तर असे होते की शिक्षणाची फी, राहणे आणि जेवण. बाकी तो ‘हौशी’ खेळाडू. त्याच्या क्रमांकाची जर्सी दुकानात विकली जाई, पण पाठीवर नाव नसे. म्हणजे त्याचा त्या मालाशी संबंध नाही असे म्हणायला मोकळीक. ऑगस्ट २०१३ मध्ये जे बिलास या माजी खेळाडू व समालोचकाने एक साधे काम केले. त्यांनी एनसीएएच्या दुकानी संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत खेळाडूंची आडनावे टाकली. समोर नेमक्या त्याच खेळाडूंच्या क्रमांकाच्या जर्सी आल्या! त्यांनी हे सर्वांना दाखवले आणि थोड्याच दिवसांत एनसीएएने कॉलेजांच्या जर्सी विकणे बंद करण्याची घोषणा केली. कापडावर नाव नव्हते, पण वहीत होते. गिऱ्हाइकाला एक आणि वहीला दुसरे सांगणारा व्यवहार कधीतरी उघडा पडतोच.

कोर्टातही हेच घडत होते. यूसीएलएचे जुने खेळाडू एड ओ’बॅनन यांना आपली हुबेहूब प्रतिमा एका व्हिडिओ गेममध्ये आढळली. त्यांनी २००९ मध्ये दावा लावला आणि २०१४ मध्ये निकाल एनसीएएच्या विरोधात गेला. अखेर १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व चेहरा वापरून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्याच दिवशी फ्रेस्नो स्टेटच्या कॅव्हिंडर या जुळ्या बहिणींनी एका मोबाइल कंपनीशी करार केला. टिकटॉकवर त्यांचे तीस लाखांहून अधिक चाहते होते. १ जुलै २०२५ पासून तर कॉलेजेही खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून एका कॉलेजला सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा ठरली.

गिऱ्हाईक कोणाच्या मागे जाते?

हक्क मिळाला, तसा कॉलेजांपुढे नवा पेच आला. कॅव्हिंडर भगिनी २०२२ मध्ये मायामीला गेल्या आणि त्यांचे चाहते त्यांच्याबरोबर गेले. कारागीर गेला की गिऱ्हाईकही जाणार असेल तर दुकानाचे काय?

याचे उत्तर आयोवा विद्यापीठाकडे पाहावे. कॅटलिन क्लार्क या खेळाडूमुळे १५ ऑक्टोबर २०२३ रोजी महिलांच्या एका मैत्रीपूर्ण सामन्याला ५५,६४६ प्रेक्षक आले. एप्रिल २०२४ चा महिलांचा अंतिम सामना सुमारे १.८९ कोटी लोकांनी पाहिला, पुरुषांचा १.४८ कोटींनी. क्लार्क त्यानंतर व्यावसायिक संघात गेली, तरी आयोवाची पुढच्या हंगामाची तिकिटेही संपली. प्रसिद्धी समाजमाध्यमांवर झाली, पण हंगामी तिकीट घेताना गिऱ्हाईक नाव-पत्त्यासह कॉलेजच्या वहीत आले होते.

यात व्यापाऱ्याने घेण्यासारखी गोष्ट अशी की समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ज्यांचा सारा पसारा तिथेच होता त्यांची जमवलेली गर्दी एका रात्रीत नाहीशी झाली. भाड्याच्या जागेवर जरूर हाक मारावी, पण गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर आपल्या वहीत उतरवावा. आणि ज्या विणकराच्या हातामुळे, ज्या शिंप्याच्या बोटांमुळे आपला माल खपतो, त्याचा फोटो लावून विक्री करताना त्याचा हिस्साही त्याच वहीत लिहावा. अमेरिकेतील कॉलेजांना एवढी एक नोंद करायला कोर्टाच्या कितीतरी पायऱ्या चढाव्या लागल्या. आपल्याला ती आजच, आपल्या मर्जीने करता येते.