उचल धरून मांडलेला हिशेब

सकाळी ८.३०
दसरा तोंडावर आला आहे. केज तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघण्याच्या बेतात आहेत. आमच्या सूक्ष्म वित्त संस्थेच्या शाखेत हप्त्यांची यादी काढते, पण वसुलीचे फोन ९ नंतरच. सकाळी ९ आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात.

९.३०
समाजमंदिरात सेंटर मीटिंग. पैसे मोजून घेते, लोन कार्डावर नोंद करून सही करते. एक बाई आलेली नाही. तिचा हप्ता निघेपर्यंत बाकीच्या बायकांना अडकवून ठेवायचं नाही. हप्त्यासाठी तिच्या दारात जायचं, तर ठरलेल्या जागी ती सलग दोनदा चुकायला हवी.

११.३०
नव्या कर्जाची चौकशी. शेळ्या घ्यायला ५०,००० हवेत. नवरा-बायको कोयत्यावर जातात, एरवी शेतमजुरी आणि दूध. मी उत्पन्न लिहायला घेते तर ताई म्हणतात, "मुकादमानं लाख रुपये दिलेत, तेबी लिहा की."

"ताई, ती उचल हाय. ऊस तोडून फेडायची ना?"

त्या मान हलवतात. हंगामात मजुरीतून उचल वळती होते. उचल आणि मजुरी दोन्ही उत्पन्नात धरली, तर एकाच घामाचे पैसे दोनदा मोजले जातात. क्रेडिट ब्युरोच्या अहवालात मुकादमाचा पैसा नसतो. ओट्यावर बसून विचारावंच लागतं.

उचल एकदाच धरून घराचं वर्षाचं उत्पन्न १,९२,००० भरतं, म्हणजे महिन्याला १६,०००. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून याच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मर्यादा ८,०००. चालू हप्ते ५,९०० आहेत, उरले २,१००. घटत्या शिलकीवर २४ टक्के दराने, २४ महिन्यांसाठी ३५,००० दिले तर हप्ता साधारण १,८५० बसतो. एवढंच देणं मला योग्य वाटतं. ताई जरा हिरमुसतात, मग म्हणतात, "दोन शेळ्या कमी घेऊ."

दुपारी २.००
शाखेत दुसरा अर्ज. या बाईंवर आधीच तीन संस्थांचं कर्ज आहे. अर्ज नाकारते आणि कारण फोन करून समजावते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात हेच भान सुटलं होतं. एकाच घराला अनेक संस्थांनी कर्ज दिलं, वसुलीचा जाच वाढला, सरकारने अध्यादेश काढला, वसुली थांबली आणि संस्थाही अडचणीत आल्या. गावाचा विश्वास गेला की भांडवल असूनही धंदा उरत नाही.

४.००
नवऱ्याचा हात मोडलेल्या घरी फोन. जुनं फेडायला नवं कर्ज दिलं तर आमचा तक्ता आज स्वच्छ दिसेल आणि त्यांचं ओझं वाढेल. म्हणून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा प्रस्ताव लिहिते.

५.३०
रोकड जुळवून अहवाल भरते. त्यात वाटपाचा रकाना सगळ्यात वर असतो. माझं स्पष्ट मत आहे की, आमच्यासारख्यांचा प्रोत्साहन भत्ता नुसत्या वाटपावर ठरू नये. योग्य कारणाने नाकारलेला किंवा कमी केलेला अर्जही चांगलं काम म्हणून मोजला जावा. हंगाम संपवून सकाळच्या ताईंचं घर उजळ माथ्याने परत आलं, तरच पुढच्या वर्षी ते आमचं गिऱ्हाईक असेल.