धारणीय वेग आणि स्मृती : इंझोरीच्या रुग्णकक्षातून काही विचार

मानोरा तालुक्यातील इंझोरी हे कोरडवाहू शेतीवर जगणारे गाव. सोयाबीन, तूर, कपाशी ही येथील पिके. पाऊस लांबला की घराघरांतील आवाज चढतात, हा आमचा अनुभव आहे. अशाच एका हंगामात चाळिशीतील एक शेतकरी पत्नीसह आमच्याकडे आले. तक्रार अम्लपित्ताची होती : छातीत जळजळ, शिरःशूल, अनिद्रा. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून आम्ही औषध लिहू लागलो, तेव्हा पत्नीने हळूच सांगितले की, आदल्या रात्री बियाण्याच्या उधारीवरून शब्दाला शब्द वाढला आणि यांनी घरातला फवारणीच्या औषधाचा डबा उचलला. मुलाने तो हिसकावला म्हणून अनर्थ टळला. रुग्ण खाली मान घालून एवढेच म्हणाले, ‘‘मले काही समजलंच नाही, डॉक्टरसाहेब.’’

त्या दिवशी आम्ही लिहिलेले औषध अम्लपित्तासाठी योग्य होते, परंतु रोगाचे मूळ त्या एका वाक्यात होते. ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र शासनाने २००६ साली ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला वाशीम जिल्हा होता. कर्ज आणि नापिकी यांवर वैद्याकडे औषध नाही. मात्र संकट आणि कृती यांच्यामध्ये काही क्षणांची जी फट असते, ती रुंद करणे वैद्याच्या हाती आहे. त्याविषयी व्यवसायबंधूंशी विचारविनिमय व्हावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘न वेगान् धारणीय’ अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. त्यातील तेरा अधारणीय वेग आपल्याला मुखोद्गत असतात. मूत्र, पुरीष, क्षवथु आदी वेग रोखू नयेत, हे आपण रुग्णास आवर्जून सांगतो. त्याच अध्यायात धारणीय वेगही दिले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, ईर्ष्या इत्यादी मनाचे. कठोर, अतिरिक्त, चहाडीचे, असत्य व अवेळी भाषण हे वाणीचे. परपीडा, चौर्य, हिंसा हे शरीराचे. यांविषयी रुग्णाशी आपण क्वचितच बोलतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. शोक धारणीय वेगांत आहे, पण बाष्प, म्हणजे अश्रू, अधारणीय वेगांत आहेत. आचार्यांनी दुःखाच्या भरात होणारी कृती आवरायला सांगितली. रडू मात्र आवरायला सांगितले नाही. म्हणजे धारण आणि दडपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘राग गिळून टाका’ असा सल्ला देणारा वैद्य दडपण शिकवतो. गिळलेला राग पुन्हा वर येतो, बहुधा घरातल्या दुबळ्या माणसावर. धारण म्हणजे वेग उठला आहे हे ओळखणे, तो शरीरात असू देणे आणि हात व जीभ त्याच्या ताब्यात न देणे.

हे साधते कशाने? शारीरस्थानात प्रज्ञापराधाची मीमांसा करताना धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशाचे वर्णन आहे. धीभ्रंशाने अहित ते हित वाटते. धृतिभ्रंशाने मन अहितापासून परतवता येत नाही. स्मृतिभ्रंशाने रज व मोहाने झाकलेल्या मनाला खऱ्याची आठवण राहत नाही. ‘समजलंच नाही’ हा स्मृतिभ्रंशाचा वऱ्हाडी उच्चार होय. मानस दोषांच्या उपायांत चरकाने ज्ञान, विज्ञान, धैर्य आणि समाधी यांच्या पंक्तीत स्मृतीला बसविले आहे, ते उगाच नव्हे.

आज ज्याला ‘माइंडफुलनेस’ वा सजगता म्हणतात, त्याचे मूळ बौद्ध परंपरेतील ‘सति’मध्ये आहे, आणि सति हे स्मृतीचेच पाली रूप. दोन्ही संकल्पना तंतोतंत एक आहेत असा आमचा दावा नाही, पण नाते उघड आहे. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन १९६९ साली भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून आपल्याच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हे त्या साधनेचे मोठे केंद्र झाले. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगता-अभ्यासक्रम आखला. २०१४ मध्ये एका मान्यवर अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. चिंता व नैराश्य यांत अशा साधनेचा अल्प ते मध्यम प्रमाणात उपयोग दिसतो. मात्र औषध, व्यायाम वा अन्य मानसोपचार यांपेक्षा ती सरस आहे असे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आपणही रुग्णास इतकेच आश्वासन द्यावे.

रुग्णकक्षातील पद्धत

ग्रामीण रुग्णास दहा दिवसांचे शिबिर शक्य नसते. आम्ही पुढील चार पायऱ्या शिकवतो. त्यास पाच-सात मिनिटे पुरतात.

१. ओळख. ‘राग आला की अंगात सर्वप्रथम कोठे कळते?’ असा प्रश्न विचारावा. कोणी कानशिले तापतात म्हणतो, कोणी दात आवळले जातात, कोणी छाती धडधडते म्हणतो. हे त्या रुग्णाचे पूर्वरूप. ज्वराचे पूर्वरूप आपण जाणतो, तसे क्रोधाचे पूर्वरूप रुग्णाने जाणावे.

२. नामोच्चार. ते लक्षण जाणवताच मनात म्हणावे, ‘राग आला आहे.’ आलेला पाहुणा वेगळा आणि घरधनी वेगळा, एवढे भान या तीन शब्दांनी येते.

३. श्वास. पावले जमिनीवर टेकलेली जाणवावीत आणि सहा-सात श्वास येता-जाता पाहावेत. उच्छ्वास थोडा दीर्घ होऊ द्यावा. त्याने हृदयाची गती उतरण्यास साहाय्य होते.

४. विलंब. तोवर शब्द नाही, हात नाही. पाणी प्यावे, ओट्यावर येऊन बसावे. निर्णय मागाहून.

हा सराव शांत वेळी व्हावयास हवा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. सकाळी अंथरुणावर उठून बसताच पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष आणि दिवसात एखादे नित्याचे काम, हातपाय धुणे वा भाकरी थापणे, पूर्ण अवधानाने करणे, एवढे पुरे. सोबत जागरण, मद्यपान व पित्तकर आहार यांचे नियमन करावे. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी आदी द्रव्ये प्रकृती व बल पाहून योजावीत, पण सत्त्वावजयाची जागा चूर्णाची पुडी घेऊ शकत नाही.

वर उल्लेखिलेले रुग्ण पुढे येत राहिले. त्यांचा राग गेला नाही. परंतु एके दिवशी ते म्हणाले, ‘‘आता राग येते तवा समजते.’’ आमच्या मते हाच उपशय.

मर्यादा व दक्षता

सजगतेचा सल्ला देऊन मोकळे होणे धोक्याचे आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्टपणे विचारावे; विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट रुग्ण मोकळा होतो. घरातील कीटकनाशक कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावयास त्याच भेटीत सांगावे. वेग क्षणिक असतो. त्या क्षणी साधन हाताशी नसणे हाच पुष्कळदा प्राणरक्षक उपाय ठरतो. श्रीलंकेने १९९५ मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढील दशकात तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांमार्फत मानसिक आरोग्याचे काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. संवाद साधणारा माणूस गावातच असला की लोक येतात, हा त्याचा बोध.

भ्रम, भास, तीव्र नैराश्य किंवा पूर्वी मोठा मानसिक आघात झालेल्या रुग्णांस डोळे मिटून दीर्घ ध्यान करावयास लावू नये. त्यांना मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ‘टेलिमानस’ ही २०२२ साली सुरू झालेली शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. विषप्राशन झाल्यास वमन, मिठाचे पाणी असे काहीही न करता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावून त्वरित रुग्णालय गाठावे. तेथे सजगतेचे किंवा आमच्या कुठल्याही औषधाचे काम नाही.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधालयाचे चालक हे पुष्कळांचे पहिले वैद्य असतात. झोपेचे चूर्ण वारंवार मागणारा, हात थरथरणारा, किरकोळ कारणावरून गल्ल्यावर तडकणारा ग्राहक त्यांनाच आधी दिसतो. त्यास ‘घरी सर्व ठीक ना?’ एवढे विचारून वैद्याकडे वळविले तरी मोठे कार्य होईल. दुकानात १४४१६ हा क्रमांक ठळक लिहून ठेवण्यास खर्च नाही.

आणि अखेरीस स्वतःविषयी. एका पावसाळी संध्याकाळी, दिवसभराच्या गर्दीनंतर, उशिरा आलेल्या एका वृद्धेच्या नातवावर आम्ही ओरडलो. कानशिले तापल्याचे आम्हांस त्या वेळी कळले नाही. मुलगा निमूटपणे आजीला घेऊन गेल्यावर कळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा आजीने आधी चहा ठेवला. मैत्री, कारुण्य, प्रीती व उपेक्षा ही चतुर्विध वैद्यवृत्ती आपण परीक्षेत लिहिली आहे. ती रुग्णकक्षात टिकवावयाची तर स्मृतीचा अभ्यास प्रथम वैद्यानेच आरंभिला पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक रुग्णास आत बोलावण्यापूर्वी आम्ही एक श्वास पाहतो. बंधुभगिनींनी हा प्रयोग आपापल्या रुग्णकक्षात करून पाहावा आणि आलेले अनुभव, यशाचे तसे अपयशाचेही, या अंकांतून अवश्य मांडावेत, ही विनंती.