वरच्यांचे सांडपाणी, खालच्यांचा हक्क

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी अशा वाटांनी भीमेत उतरते आणि पुढे इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या परिसरात, उजनीच्या फुगवट्यात साचते. याच पाण्यावर तिथली मासेमारी, काठावरचा ऊस आणि खाली सोलापूर शहराचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये नोंदवलेल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातले होते; भीमा आणि मुळा-मुठा त्यात आहेत. घाण करणारा एका गावचा आणि ती सोसणारा दुसऱ्या गावचा असेल, तर निरोगी पर्यावरणाचा हक्क कोणाकडे मागायचा, हा इथला खरा प्रश्न आहे.

हक्क नाही असे म्हणता येत नाही. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा मानवी हक्क जुलै २०२२ मध्ये १६१ विरुद्ध शून्य मतांनी मान्य केला. उणीव आहे ती हक्कदार आणि जबाबदार यांना एकमेकांसमोर उभे करण्याची. पाणी कायद्याखालील संमतिपत्र प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र मिळते. सगळ्यांचे मिळून नदीत किती उतरते, याचा हिशेब कोणा एकाच्या माथी येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की इतक्या नाल्यांतून नेमके कोणाचे पाणी बाधले, हे सिद्ध होणार कसे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० याने ही अडचण आधीच ओळखली आहे. नुकसान अनेकांच्या कृतींचा एकत्रित परिणाम असेल, तर भरपाईचा बोजा त्यांच्यात न्याय्य रीतीने वाटून देण्याची मुभा कलम १७ देते. दुसरा आक्षेप पैशाचा. रतलाम नगरपालिकेने आपल्यावरील खटल्यात तोच पुढे केला होता. तिजोरी रिकामी असल्याच्या सबबीवर वैधानिक कर्तव्य टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच बजावले. तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: बारामती-इंदापूर तरी कुठे निर्दोष आहे? ते खरेच आहे. नीरेच्या दोन्ही तीरांवर साखर कारखानदारी आहे, उसाला दिलेल्या खतांचा निचराही अखेर नदीतच जातो, आणि नीरा नरसिंहपूरला ही नदी भीमेला मिळते. पण स्वतःचा दोष असल्याने हक्क बुडत नाही, जबाबदारीतला वाटा तेवढा वाढतो. शहराला लावायचा नियम ऊसपट्ट्यालाही लागू झाला, तरच हक्काच्या मागणीला नैतिक वजन येईल.

म्हणून नदीकाठच्या ग्रामसभांनी दोन गोष्टी ठरावाने मागाव्यात: आपल्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा गावात जाहीर व्हावेत, आणि वरच्या प्रत्येक नगरपालिकेचा व कारखान्याचा वाटा त्यात दिसावा. भरपाईच्या दाव्याला कायद्याने पाच वर्षांची मुदत घातली आहे. आकडे हातात नसतील, तर ती नुसती वाट पाहण्यात संपते.