शाळेची किल्ली नेमकी कुणाकडे होती?

कोविडच्या टाळेबंदीनंतर ५ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्रात रेस्टॉरंट आणि बार उघडले. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळं उघडली. नववी ते बारावीच्या वर्गांना २३ नोव्हेंबरची तारीख मिळाली, तीही स्थानिक प्रशासनाने परिस्थिती पाहून ठरवावं या अटीवर. मुंबई महापालिकेने परिस्थिती पाहिली आणि शाळा बंदच ठेवल्या. मुंबईतल्या पहिली ते सातवीच्या मुलांना वर्गात बसायला १५ डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं, तेव्हा त्याची दुसरीही निम्मी सरली होती.

या क्रमाचा पालकांना आलेला राग अजून विझलेला नाही, आणि तो विझू नये असं मला मनापासून वाटतं. पण राग कुणावर धरायचा हेच तेव्हा कळत नव्हतं. शाळेत विचारलं की शिक्षणाधिकाऱ्यांकडे बोट, तिथे विचारलं की आयुक्तांकडे, आणि आयुक्तांकडून मंत्रालयाकडे. ही टोलवाटोलवी माणसांच्या स्वभावातून आली तशी कायद्याच्या रचनेतूनही आली.

साथीच्या काळातले आदेश मुख्यतः दोन कायद्यांवर उभे होते: प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसऱ्या कायद्यानुसार राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, तर जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना त्यात सहअध्यक्षपद आहे. प्रत्यक्षात आदेशांवर सह्या दिसल्या त्या जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांच्या. आपण मत दिलेला नगरसेवक या साखळीत कुठेच नव्हता. ‘पालकमंत्री’ हे पदही या कायद्यात नाही, तरी पुणेकर दर आठवड्याला पालकमंत्र्यांच्या आढावा बैठकीकडेच डोळे लावून बसत.

केंद्राची अट अशी की राज्यांनी नियम हवे तर कडक करावेत, सैल करू नयेत. शाळांच्या बाबतीत राज्याने तेच खाली उतरवलं. सरकारने तारीख दिली तरी जिल्हाधिकारी किंवा आयुक्त शाळा बंद ठेवू शकत. सरकारने बंद ठेवल्या असतील तर उघडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांच्याखाली संस्थाचालक, मग मुख्याध्यापक, शेवटी पालकांचं संमतीपत्र. ‘नाही’ म्हणायला कुणीही एक पुरे होता, ‘हो’ मात्र सगळ्यांचं लागे. अशा साखळीत प्रत्येकाने आपल्यापुरती थोडी जास्त काळजी घेतली तरी शेवटी वर्ग बंदच राहतो, आणि तो आपण बंद ठेवला असं कुणालाच वाटत नाही.

भीती खोटी नव्हती. २०२० च्या नोव्हेंबरात शाळा सुरू होण्याआधी शिक्षकांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ठिकठिकाणी शिक्षक बाधित निघाले. त्यांच्यापैकी कित्येकांनी त्याआधी कोविडची ड्यूटी केली होती. आजी-आजोबा असलेल्या दोन खोल्यांच्या घरात मूल शाळेतून काय घेऊन येईल, ही धास्तीही खरी होती. पण शाळा उघडल्यावर एक मूल आजारी पडलं तर त्याची बातमी होते आणि सही करणाऱ्याला जाब विचारला जातो. शाळा बंद असताना वाचायला विसरलेल्या मुलाची बातमी होत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. या घसरणीचा जाब कोणत्या अधिकाऱ्याला विचारला गेला?

दुकानांशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले. आधी मोठा गोंधळ झाला. एका मंत्र्याने १८ जिल्हे खुले झाल्याचं जाहीर केलं आणि काही तासांत सरकारने प्रस्ताव विचाराधीन असल्याचा खुलासा केला. तरीही निकष आकड्यांत होते: बाधितांचा दर आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा. त्यामुळे भांडता आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ११ जिल्ह्यांना सवलत नाकारली, त्यात पुणे होतं. शहराचा दर पाच टक्क्यांच्या आत असल्याचं दाखवत पुण्यातले व्यापारी रस्त्यावर उतरले आणि आठवडाभरात निर्बंध सैल झाले. शहरांतल्या शाळांसाठी असा आकडा कुणी लोकांपुढे ठेवला नाही. त्याच ऑगस्टमध्ये शिक्षण विभागाने १७ तारखेपासून शाळा सुरू करण्याचा शासन निर्णय काढला. राज्याच्या कोविड टास्क फोर्सने हरकत घेतल्यावर तो थांबला. कोणता दर खाली आला की शाळा उघडतील, हे तेव्हाही कळलं नाही. व्यापाऱ्यांचा महासंघ असतो, दुसरीतल्या मुलांचा नसतो.

याच सरकारने एक चांगला निर्णयही घेतला होता, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. जुलै २०२१ मध्ये, महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांना आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्याची मुभा मिळाली. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती, पालकांशी चर्चा, ग्रामपंचायतीचा ठराव. अट स्पष्ट होती, आणि ठरवणारी माणसं पालकांना रोज समोर दिसणारी होती. शहरांत प्रभागवार असं करायला काय हरकत होती? त्याऐवजी जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्यावरही मुंबईत २४ तारखेला शाळा सुरू आणि पुण्यात १ फेब्रुवारीपर्यंत बंद, आणि पुण्याच्या पालकांच्या हाती पुढच्या बैठकीची वाट.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावा लागतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा लागतो. पुढच्या साथीत शाळा कोणत्या आकड्याला बंद होतील, कोणत्या आकड्याला उघडतील आणि सही कुणाची असेल, हे आपल्या जिल्ह्याच्या आराखड्यात लिहिलं आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आत्ताच, साथ नसताना, विचारायला हवा.